दिवाळीला गेम कन्सोल घ्यायचाय: कुठला? आणि तुमचा सगळ्यात आवडता कुठला?

रामबागकरीण (१२ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:१८)

दसऱ्याचं सोनं वाटून झालं, आता मुद्द्यावर येते. दिवाळीला घरात गेमिंग कन्सोल, म्हणजे टीव्हीला लावून गेम खेळायचं यंत्र, घ्यायचं ठरलंय. म्हणजे चिरंजीवांनी (वय ११) ठरवलंय. अर्धवार्षिकला गणितात ऐंशीच्या वर मार्क मिळाले तर बघू, असं मी बेसावधपणे बोलून बसले होते. ब्याऐंशी मिळाले.

घरात आता तीन पक्ष आहेत. मुलाला सोनीचा पीएस५, म्हणजे प्लेस्टेशन ५, हवा. नवरा म्हणतो मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस घे, स्वस्तात पडतो, वर्गणी भरली की ढीगभर गेम मिळतात. मला तो निन्टेन्डोचा स्विच गोड वाटतो, कारण त्यात मारिओ आहे आणि मला मारिओशिवाय काही येत नाही. बजेट पन्नास हजार, ओढूनताणून पंचावन्न. टीव्ही ४३ इंची. राहणं इंदूर, त्यामुळे उद्या काही बिघडलं तर इथेच कुणीतरी बघणारं हवं.

दुसरा प्रश्न निव्वळ हौसेचा. तुमचा आयुष्यातला सगळ्यात आवडता कन्सोल कुठला? एकच सांगायचा, 'सगळेच छान' चालणार नाही. माझं उत्तर आधीच देते: ९५ साली बाबांनी महाराणी रोडवरून आणलेला टीव्ही गेम. कंपनी आठवत नाही. राखाडी डबा, दोन रिमोट, एक बंदूक आणि '९९९९ इन १' लिहिलेली पिवळी कॅसेट. त्यात गेम सगळे मिळून वीस-बावीस. बाकी तेच तेच नावं बदलून.

जीरावन (१० :३१)

पहिला प्रतिसाद माझा! सविस्तर नंतर लिहितो. आत्ता सराफ्यात आहे, एका हातात भुट्टे का कीस.

भिया_इंदौरी (११:०५)

पीएस२. विषय संपला.

मार्च २००० मध्ये जपानात आला, जगभरात १५ कोटींच्या वर विकला गेला, इतका दुसरा कुठलाच घरगुती कन्सोल आजवर विकलेला नाही. पण अपने को तेव्हा यातलं काय माहीत? माहीत होतं ते सुदामानगरातलं एक पार्लर. शटर अर्धं खाली, आत चार टीव्ही, तासाला वीस रुपये. मालक बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचायचा आणि घड्याळाकडे न बघता ओरडायचा, "दो नंबर, टाइम हो गया!" एक मिनिट इकडेतिकडे नाही. त्याच्या डोक्यात काटे होते.

आमचा जीव क्रिकेट ०७ वर. त्यात ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड सोडले तर बाकीच्या खेळाडूंच्या नावांची मोडतोड केलेली असायची, परवान्याची भानगड. आम्ही पाच जण पाळीपाळीने बसून आपल्या अख्ख्या टीमची नावं कंट्रोलरने एकेक अक्षर निवडून दुरुस्त केली. पूर्ण एक तास गेला, म्हणजे वीस रुपये. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर कुणीतरी मेमरी कार्ड पुसलेलं. आठ एमबीचं कार्ड हो, सगळ्या मोहल्ल्याचं त्याच्यावर. तेव्हापासून मी स्वतःचं कार्ड घेतलं आणि शाळेच्या कंपासमध्ये ठेवायला लागलो. कंपासमध्ये कंपास सोडून सगळं असायचं.

काडीमास्तर (११:२०)

घरी पीसी असताना कन्सोल घेणं म्हणजे स्वैपाकघर असताना डबा लावणं. पन्नास हजारात ग्राफिक कार्ड टाका, मुलगा पुढे कोडिंगही शिकेल.

तिसरी_घंटा (१३ ऑक्टोबर, सकाळी ७:५०)

@काडीमास्तर, डबा निदान वेळेवर येतो. आमचा पीसी अपडेट होईपर्यंत मुलं वरच्या वर्गात गेली.

आणि 'मुलगा पुढे कोडिंग शिकेल' यावरून आठवलं, माझा आवडता कन्सोल याच वाक्यावर घरात आला होता. कीबोर्डवाला टीव्ही गेम आठवतोय का कुणाला? दिसायला अगदी कॉम्प्युटर, मागे कॅसेट घालायची खाच. दुकानदाराने बाबांना सांगितलं, ताई टायपिंग शिकतील. बाबा सरकारी नोकरीतले, टायपिंग म्हटल्यावर विरघळले. कॅसेटमध्ये टायपिंगचा एक खेळ खरंच होता, वरून अक्षरं पडायची. तो आम्ही फक्त बाबा खोलीत आले की लावायचो. पण त्यासाठी रीसेट दाबावं लागे, म्हणजे कॉन्ट्रा या गोळीबाराच्या खेळात सहाव्या स्टेजपर्यंत पोचलेलं सगळं पाण्यात. म्हणून धाकट्याला जिन्यात बसवलेलं असे. बाबांच्या चपलांचा आवाज तो पहिल्या मजल्यावरून ओळखायचा.

तीस जीवांची खूण: वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. मनाचे श्लोक विसरले, हे नाही.

शंकासुर (९:१२)

थोडी भर. तीस जीव देणारी ही खूण कॉन्ट्राने काढलेली नाही. कॉन्ट्रा काढणाऱ्या कोनामी कंपनीच्याच ग्रॅडियस या खेळात ती १९८६ साली आधी आली. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या प्रोग्रामरने तो खेळ निन्टेन्डोच्या यंत्रावर आणला. चाचणीला बसल्यावर तो त्याला स्वतःलाच इतका अवघड गेला की त्याने आपल्यापुरती सोय करून ठेवली आणि ती काढायची राहून गेली. २०२० मध्ये हाशिमोतो वारले.

आवडता कन्सोल नंतर सांगतो, विचार करतोय.

जीरावन (९:४०)

आज रविवार, पोहे-जिलबी चालू आहे. सविस्तर दुपारी.

गजकप्रेमी (११:०२)

ग्वाल्हेरकराचा रामराम. रामबागकरीण ताई, तुमच्यासारखाच डबा आमच्या जीवाजीगंजातल्या घरात होता. कॅसेट चालली नाही की बाहेर काढून बासरी वाजवल्यासारखी फुंकायची. तरी चालली नाही तर सदऱ्याला पुसायची. तरी नाही तर काकाला बोलवायचं, काकाची फुंकर खात्रीची.

पण आमचा खरा शत्रू लाईट. २००१-०२ ची गोष्ट. त्या काळात मध्य प्रदेशात विजेची काय अवस्था होती ते इथल्यांना सांगायला नको, २००३ची अख्खी निवडणूक 'बिजली, सडक, पानी' वर झाली. मारिओचे आठ वर्ल्ड, प्रत्येकी चार स्टेज, बत्तीस स्टेज एका दमात, मध्ये सेव्ह करायची सोय शून्य. मी एकदा आठव्या वर्ल्डात पोचलो होतो. जेवायची हाक आली म्हणून पॉझ करून गेलो, टीव्ही बंद केला, डबा चालू ठेवला. दोन पोळ्या खाल्ल्या. तिसरी ताटात पडली आणि पंखा हळू झाला.

तिसरी पोळी मी खाल्ली नाही. आई अजून सांगते.

शंकासुर (११:३०)

फुंकरीबद्दल: तिने काहीच होत नसे. कॅसेटच्या धातूच्या दातांवर मळ बसायचा, काढून परत घातल्याने घासलं जाऊन संपर्क नीट व्हायचा, श्रेय फुंकरीला. उलट तोंडातली वाफ बसून दात लवकर काळे पडतात. काकांना सांगा.

गजकप्रेमी (११:३३)

काकांना मी हे सांगणार नाही. ते ऐंशीचे आहेत.

बडोद्याचा_बाळ्या (दुपारी १:१५)

माझं मत स्विचला, आणि ताई, तुम्हालाही तोच घ्या म्हणणार होतो, पण एक अडचण आहे. निन्टेन्डो स्विच भारतात अधिकृत विकतच नाही. २०१७ मध्ये बाहेर आला, इथे जे मिळतात ते सगळे बाहेरून आणलेले. वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा चेहरा. माझा चुलतभावाने न्यू जर्सीहून आणला. दांडिया बाजारातल्या घरी तीन पिढ्या एका सोफ्यावर बसून मारिओ कार्ट खेळतो, आजी फक्त हॉर्न वाजवायला असते, तिला वाटतं गाडीला हॉर्न आहे. नवरात्रात रात्री दोनला गरब्यावरून आलो तरी एक रेस होतेच. मग सेव उसळ.

त्याच्या कॅसेटी नखाएवढ्या आहेत. लहान मुलांनी गिळू नयेत म्हणून त्यांना मुद्दाम कडू लेप देतात, डेनाटोनियम बेंझोएट. मी वाचलं, विश्वास बसला नाही, चाटून बघितली. कारल्याचा बाप. तीनदा चूळ भरली.

तिसरी_घंटा (१:२२)

म्हणजे ही कॅसेट काकांनी फुंकली तर काकांचीच परीक्षा.

रामबागकरीण (४:४५)

बाप रे, एवढे प्रतिसाद! @बाळ्या, धन्यवाद. वॉरंटी नाही म्हटल्यावर नवऱ्याने स्विच बाद केला. माझा पक्ष संपला.

गजकप्रेमींचं वाचून आमचं सगळं डोळ्यांसमोर आलं. आम्हा भावंडांत मारिओ मला यायचा, पण तो बदकं मारायचा गेम होता ना, त्यात मी म्हणजे आनंद. दादाने बंदूक घेतली की दहातली नऊ बदकं पडायची. मी घेतली की बदक अगदी शेवटच्या क्षणी वळायचं. मी रडायची, तो झुडपातला कुत्रा तोंडावर पंजा ठेवून हसायचा. दादा बिचारा शेजारी रिमोट धरून बसायचा. रिमोट कुणीतरी धरून बसावं लागतं, नाहीतर गेम बंद पडतो, म्हणून. मी खेळायला लागले की तो न सांगता येऊन धरायचा. त्याचा नंबर असला की मात्र म्हणायचा, राहू दे, तू बघ नुसती. त्या बाबतीत दादा फार चांगला.

शंकासुर (४:५८)

एक मिनिट.

तो रिमोट पहिल्या सॉकेटातला होता का? आणि खेळ एका बदकाचा होता की दोन बदकांचा?

रामबागकरीण (५:०६)

एका बदकाचा. सॉकेट कुठलं ते कसं आठवेल, बंदूक दुसऱ्यात असायची, म्हणजे रिमोट पहिल्यातच असणार. का?

शंकासुर (५:१५)

ताई, कसं सांगू. डक हंट १९८४चा. एका बदकाच्या खेळात पहिल्या सॉकेटातल्या रिमोटने ते बदक उडवता येतं. डावं, उजवं, वर, खाली. ती सोय दुसऱ्या खेळाडूसाठी मुद्दाम दिलेली आहे. रिमोट नाही धरला तर गेम बंदबिंद काही पडत नाही.

रामबागकरीण (५:१७)

थांबा.

रामबागकरीण (५:१८)

थांबा थांबा थांबा.

भिया_इंदौरी (५:२१)

क्या दादा है भिया!!

काडीमास्तर (५:२५)

मी इथे वीस वर्षं लोकांना भडकवतो, पण हा माणूस माझा गुरू.

गजकप्रेमी (५:४०)

ताई, हे साल किती म्हणालात? ९५? म्हणजे २९ वर्षं एकदाही तोंडातून निघालं नाही. असा माणूस जिल्हाधिकारी होतो किंवा तुरुंगात जातो.

रामबागकरीण (५:४४)

पुण्यात सीए आहे. भाऊबीजेला येतोय.

निवृत्त_नाना (रात्री ८:३०)

मी बहात्तर वर्षांचा. तुमचा हा धागा नातीने वाचून दाखवला. मला कुणी विचारलेलं नाही, तरी लिहितो. माझा आवडता म्हणजे निन्टेन्डोचा तो पांढरा वी, २००६चा. मुलगा बंगळूरहून हलताना आमच्याकडे टाकून गेला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला व्यायामाचा कंटाळा. नातीने हातात ती दांडी दिली आणि म्हणाली, आजोबा, बॉलिंग टाका. तेव्हापासून रोज संध्याकाळी दहा फ्रेम. मनगटाला पट्टा बांधायचा विसरलो आणि दांडी हातातून सुटून शोकेसच्या काचेवर गेली, त्यात सौभाग्यवतींचा १९८१ चा टी-सेट होता. पट्टा बांधा, एवढंच सांगायचं होतं.

जुनी यंत्रं सोपी होती. आता चालू केलं की आधी पंधरा मिनिटं डाउनलोड, मग पासवर्ड, मग अटी मान्य आहेत का.

खोकेवाला (८:५५)

नानांना दंडवत.

एक्सबॉक्सच्या बाजूने कुणी बोलत नाहीये म्हणून मी. माझा आवडता एक्सबॉक्स ३६०. भारतात सप्टेंबर २००६ मध्ये आला, जाहिरातीत अक्षय कुमार आणि युवराज सिंग, आम्ही कॉलेजात. तीन लाल दिवे लागून यंत्रच बंद पडायचं, तो आजार सगळ्यांना ठाऊक आहे. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये त्यासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली, तेव्हा बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडला.

ताईंसाठी: सिरीज एस हे चांगलं मशीन आहे, २०२० मध्ये ३४,९९० ला आलं होतं, पण दोन गोष्टी बघा. एक, त्याला डिस्कची खाच नाही. दुसरं, मूळ मॉडेलची जागा ५१२ जीबी, त्यातली बरीचशी सिस्टीमच खाते. आताचे मोठे गेम शंभर जीबीचे असतात, म्हणजे तीन-चार बसले की पाचव्यासाठी एकाला घराबाहेर काढायचं. वर्गणीत गेम पुष्कळ मिळतात हे खरं, पण वर्गणी थांबली की गेमही थांबले. वाचनालयाचं आणि स्वतःच्या कपाटाचं जे असतं तेच.

भिया_इंदौरी (९:२०)

खोकेवाले भियांनी प्रामाणिक लिहिलंय. आता पीएस५चं गणित मी मांडतो. एप्रिल २०२४ मध्ये स्लिम, म्हणजे त्याचं सडपातळ मॉडेल, आलं तेव्हा डिस्कवाला ५४,९९०, बिनडिस्कचा ४४,९९०. दहा हजारांचा फरक बघून सगळे बिनडिस्ककडे पळतात. थांबा. नवा मोठा गेम चार-पाच हजाराला. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर अडीच-तीनला विकता येतो, नाहीतर मित्राशी बदलता येतो. वर्षात चार-पाच गेम असे फिरवले की फरक वसूल. डाउनलोड केलेला गेम मात्र ना विकता येतो, ना उसना देता येतो. जेल रोडच्या गल्लीत जुन्या डिस्कचा धंदा अजून जोरात आहे, घासाघीस येत असेल तर.

दुसरा कंट्रोलर धरूनच बजेट बांधा. सहा हजाराच्या आसपास धरा. एका कंट्रोलरवर दोन पोरं म्हणजे घरात रोज पंचायत बसणार.

बडोद्याचा_बाळ्या (९:४८)

कंट्रोलरवरून: माझा एक (कंपनीचं नाव घेत नाही) वर्षभरात आपोआप डावीकडे चालायला लागला. गाडी सरळ सोडली की नाल्यात. दुकानदार म्हणाला, तुम्ही जोरात दाबता. अरे, मी काय पंप मारतोय?

शंकासुर (१०:१०)

जोराने दाबण्याचा दोष नाही. बहुतेक कंट्रोलरांच्या काठीखाली कार्बनची पट्टी असते, तिच्यावर एक पत्रा घासत फिरतो आणि कुठे आहे ते सांगतो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखंच. पट्टी झिजली की काठी मधे असूनही यंत्राला वाटतं डावीकडे आहे. चुंबकाच्या सेन्सरची काठी असते तिच्यात घासायला काही नसतं, म्हणून ती जास्त टिकते. गंमत म्हणजे सेगाने १९९८च्या ड्रीमकास्टमध्ये हेच चुंबकवालं तंत्र वापरलं होतं. मग सगळे परत पट्टीवर आले, स्वस्त पडते म्हणून.

आणि हो, माझा आवडता सेगाचा मेगा ड्राइव्ह. ९०च्या दशकात तो भारतात शॉ वॉलेस विकायची. तीच, दारूवाली. माझ्या वडिलांनी खोक्यावरचं नाव वाचलं आणि आधी दुकानदाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

जीरावन (१०:१४)

शंकासुरजी, मग घेतला का नाही?

शंकासुर (१०:१६)

नाही. शेजाऱ्यांकडे होता. आवडता म्हणजे स्वतःच्या घरातलाच हवा असं धाग्यात कुठे म्हटलंय?

तिसरी_घंटा (१४ ऑक्टोबर, सकाळी ७:३०)

रामबागकरीण, तुम्ही एक साधी गोष्ट केलीत का? मुलाचे मित्र काय खेळतात ते विचारलंत? माझ्या भाच्याला त्याच्या वडिलांनी खूप अभ्यास करून, तक्ते मांडून यंत्र आणून दिलं. सोसायटीत बाकी सगळ्यांकडे दुसरं. काही गेम दोन्हीकडच्यांना एकत्र खेळता येतात, फोर्टनाइट, माइनक्राफ्ट, रॉकेट लीग वगैरे, पण डिस्क काही बदलता येत नाही. पोरगं एकटंच बसून असायचं. तांत्रिकदृष्ट्या त्याचं यंत्र सरस होतं म्हणे.

रामबागकरीण (१६ ऑक्टोबर, रात्री ९:०५)

तिसरी_घंटा, तुमचं ऐकून काल सर्वेक्षण केलं. संध्याकाळी खाली क्रिकेट संपल्यावर सगळ्या पोरांना लिंबूसरबत दिलं आणि एकेकाला विचारलं. सहा जण. तिघांकडे पीएस५ (दोन डिस्कवाले), एकाकडे सिरीज एस, एकाच्या घरी बंदी, आणि एक म्हणाला, काकू, मी तुमच्याकडेच येणार आहे. चिरंजीवांनी आमंत्रणं आधीच वाटलेली दिसतात.

नवऱ्याने 'डिस्क फिरवता येते' हे वाचलं आणि स्वतःहून पक्ष बदलला. माणूस सियागंजच्या घाऊक बाजारातला आहे, फिरवता येणारा माल त्याला कळतो.

तर: पीएस५ स्लिम, डिस्कवाला, दुसरा कंट्रोलर वेगळा. कंट्रोलरचे पैसे माझ्या भिशीतून. धनत्रयोदशीला आणणार. तासांचं बंधन फोनवरून घालता येतं तेही बघून ठेवलंय, रोज एक तास, रविवारी दोन.

आता माझं खरं काम. काल माळ्यावर चढले. डबा सापडला! दोन्ही रिमोट, पिवळी कॅसेट आणि बंदूक, गोदरेजच्या जुन्या पिशवीत. ४३ इंचीला लावला, मारिओ चालू झाला, मी किंचाळले. पण बंदूक चालत नाही. खटका वाजतो, बदक मजेत उडतंय. भाऊबीजेच्या आत हे व्हायलाच हवं. शंकासुरजी?

शंकासुर (९:३०)

बंदूक खराब नाही, टीव्ही नवा आहे. बंदुकीतून काही सुटत नाही, उलट तिच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा आहे. खटका दाबला की पडदा पापणी लवायच्या आत काळा होतो आणि पुढच्याच चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आधी काळं, मग पांढरं, हे डोळ्याने ठरल्या क्षणी पाहिलं तर बदक पडलं. (म्हणून बल्बकडे नेम धरून फसवता येत नाही. आम्ही करून बघितलंय.) आताचे टीव्ही चित्र दाखवायला किंचित वेळ घेतात, तेवढ्यात तो क्षण निघून जातो. जुना, काचेच्या नळीचाच टीव्ही हवा.

आणि अडॅप्टर जपून. जुन्या डब्यांत बऱ्याचदा मधली पिन निगेटिव्ह असते, आताच्यांत बहुधा पॉझिटिव्ह. हाताला लागेल तो लावू नका, खालचं चित्र वाचा.

जीरावन (९:५२)

काकांच्या दुकानाच्या माळ्यावर २१ इंची पेटीवाला टीव्ही आहे, चालू. अपन लोडिंग रिक्षात घालून आणून देतो. फक्त वर चढवायला दोन माणसं तयार ठेवा, वीस-पंचवीस किलो तरी असेल. आणि येताना पोटात काही नसेल.

रामबागकरीण (९:५४)

जीरावन भाऊ, दाल-बाफले करते.

काडीमास्तर (१०:०१)

एका बदकासाठी पंचवीस किलोचा टीव्ही. पीसी घेतला असतात तर एम्युलेटरवर, म्हणजे जुने गेम पीसीवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर...

भिया_इंदौरी (१०:०२)

काडीमास्तर, चूप.

रामबागकरीण (३ नोव्हेंबर, रात्री ११:४०)

आधी धाग्याचं. पीएस५ आला, चालू झाला, पहिल्या दिवशी खरंच पाऊण तास अपडेट (नाना, तुमची आठवण काढली). पोरं खुश. नवरा पोरांपेक्षा खुश. बाकी सविस्तर नंतर.

आज भाऊबीज. ओवाळून झालं, जेवणं झाली, पाटावरची रांगोळी पुसायची होती तरी दादाला आत नेलं. खोलीत जीरावनचा टीव्ही, पुढे डबा. तो दारातच थांबला. "अगं, हा अजून आहे?" बंदूक हातात घेतली, दोनदा खटका वाजवून बघितला, चष्मा वर केला, एक डोळा मिटला. चौरेचाळीसचा आहे, पण उभा राहिला अगदी तसाच, डावा पाय पुढे.

मी शेजारी बसले आणि रिमोट मांडीवर घेतला. म्हटलं, दादा, हा कुणीतरी धरून बसायला लागतो ना, नाहीतर गेम बंद पडतो.

तो टीव्हीकडेच बघत म्हणाला, "हो हो, धर."

पहिलं बदक मी सोडून दिलं, त्याने पाडलं. दुसरंही. तिसऱ्याला मी डावीकडे जाताजाता खाली घेतलं. तीन गोळ्या गेल्या. कुत्रा हसला. दादा म्हणाला, बंदूक जुनी झालीये. चौथं वर नेलं. पाचवं अगदी त्याच्या नेमापर्यंत आणलं आणि उचललं. पहिल्या फेरीत दहातली सहा लागतात, त्याची चार झाली. खेळ संपला. तो पुन्हा खेळला. पुन्हा चार. तिसऱ्यांदा तीन. चिरंजीव तोंडात उशी कोंबून बाहेर पळाले. दादा म्हणाला, माझा नंबर वाढला असणार, पुण्यात गेल्यावर डोळे तपासतो.

गजकप्रेमी (११:४८)

सांगितलंत का त्याला?

रामबागकरीण (११:५०)

त्याने २९ वर्षं घेतली. मला कसली घाई?

जीरावन (११:५५)

ताई, बाफले फर्स्ट क्लास होते. काका विचारतायत, टीव्ही कधी न्यायला येऊ?

रामबागकरीण (११:५७)

बुधवारी या. दादा मंगळवारपर्यंत आहे.